निम्म्या मापाची बोटं

हिवाळे काका माणसाचा फोटो काढताना ‘हसा’ म्हणत नसत. ‘श्वास घ्या’ म्हणत. मग ‘रोखा’. मग भिंगावरचं टोपण काढायचं, ओठांतल्या ओठांत दोन आकडे मोजायचे, टोपण परत लावायचं आणि ‘सोडा’. तीसेक वर्षं एक्स-रेच्या खोलीत जे म्हटलं, तेच तोंडात बसलेलं. आमच्या दवाखान्याच्या म्हाताऱ्या माळ्याला त्यांनी एकदा कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तर तो ‘श्वास घ्या’ ऐकताच शर्टाची बटणं काढायला लागला. काका हसले नाहीत. म्हणाले, “राहू द्या बाबा, आज वरूनच काढायचाय.”

जालन्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात ते एक्स-रे टेक्निशियन होते आणि मी शेजारच्या खोलीत रक्त-लघवी तपासत असे. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला ‘ताई’ म्हणायचे. ठेंगणे, सावळे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. नखं इतकी खोल कापलेली की बघवत नसे. फिल्म उचलताना नख टेकलं तर तिच्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते, म्हणून. मनगटाला घड्याळ नाही, कारण काट्यांवरचं रेडियम अंधाऱ्या खोलीत फिल्मला बाधतं. डब्यात लोणचं नाही, कारण तेल बोटांवर राहतं. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या मुलानं पुण्याहून येऊन घर रिकामं केलं, तेव्हा ‘बाबांचं काही हवंय का’ म्हणून मला विचारलं. मी नको म्हणाले. का म्हणाले, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

दवाखान्यात संगणकावरचे एक्स-रे सुरू झाले आणि काकांच्या अंधाऱ्या खोलीत सलाईनची खोकी रचली गेली. उरलेल्या फिल्मचे डबे फेकून द्यायचे होते. काकांनी ते मागून घेतले. त्याच सुमारास जुन्या जालन्यातला एक फोटो स्टुडिओ बंद होत होता. तिथून त्यांनी एक लाकडी कॅमेरा आणला. पेटीएवढा, तीन पायांवर उभा राहणारा, मध्ये हार्मोनियमसारखा कातडी भाता. हातापायाच्या एक्स-रेला लागणारी आठ बाय दहा इंचाची फिल्म त्यात बरोबर बसली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खुशीत पाहिलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, निवृत्तीला सहा महिने होते, आणि ते मला सांगत होते, “ताई, जणू माझ्यासाठीच बनवल्याला आहे बघा. बिलकुल बराबर बसली.”

पण पहिले काही महिने एकही फोटो धड आला नाही. कधी कोपऱ्यातून पांढरा धूर शिरल्यासारखा, कधी आडवे पट्टे, कधी उन्हाळ्यात वाळक्या झाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेघा. दुसरा कोणी कंटाळला असता. काका डागाच्या मागे लागत. त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी मलाही पाठ करून घ्यायला लावला होता: निगेटिव्हवर नको तिथं काळं आलं तर उजेड घुसलाय, नको तिथं कोरं राहिलं तर उजेड किंवा औषध अडलंय. आधी हे ठरवायचं, मग चोर शोधायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की काही कळत नाही.

धुराचा चोर भात्यात सापडला. त्यांनी न्हाणीघराला आतून कांबळी लावली, भात्यात पेटता बल्ब सोडला आणि अंधारात बसून राहिले. भात्याच्या घड्यांवर सात बारीक चांदण्या दिसल्या. त्या त्यांनी फाटक्या छत्रीचं कापड चिकटवून बुजवल्या. फांद्यांच्या रेघा कोरड्या हवेत फिल्म खसकन ओढल्यामुळे ठिणगी पडून येत होत्या. मग फिल्म भरायच्या आधी खोलीत ओली पोती पसरायची आणि नायलॉनचा शर्ट घालायचा नाही. हे सगळं ते एका वहीत लिहीत. मी म्हटलं, “काका, इतकं कशाला? मोबाईलवर काढा की.” ते म्हणाले, “मोबाईलमध्ये चूक कोणाची ते कळत न्हाई ताई. ह्यात कळतं.”

निवृत्तीच्या आधी त्यांनी ठरवलं, दवाखान्यातल्या प्रत्येकाचा एक फोटो काढून द्यायचा. मागच्या जिन्याखाली पांढरी भिंत होती, तिथे सकाळच्या सावलीत एकेकाला बसवलं. झाडूवाल्या मावशीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे. त्यांची ती फिल्म निळ्या जातीची होती. तिला फक्त निळा उजेड दिसतो. पिवळं आणि तांबडं तिला काळंच. त्यामुळे कुंकू काळं, ओठ काळे, आणि आम्ही सगळे होतो त्याहून दोन हात सावळे. बायकांनी कुरकुर केली. पण प्रत्येकाच्या डोळ्यांत असं काही उतरलं होतं की फोटो परत कोणी दिला नाही.

एकच फोटो त्यांनी दिला नाही. संगीता सिस्टरचा.

संगीता आमच्याकडे नर्स होती. राजूरला दिलेली, गणपतीच्या रस्त्याला नवऱ्याचं हॉटेल, पदरात चार वर्षांची मुलगी. रोज एसटीनं ये-जा करायची. डबा खायला माझ्या आणि काकांच्या बरोबर बसायची. बोलकी, हातानं चपळ, लहान पोरांना सुई टोचली तरी ती रडत नसत. फोटो मागितला की काका म्हणत, “तुझ्या फोटोत जरा खराबी आली बाई. करून राह्यलो दुरुस्त.” असं तीन आठवडे चाललं.

एका दुपारी संगीता वॉर्डात असताना काकांनी मला त्यांच्या घरी बोलावलं. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती आणि बायकोचा फोटो, मागच्या खोलीत दोरीला चिमट्यांनी लावलेल्या फिल्मच फिल्म. त्यांनी संगीताचा फोटो माझ्यासमोर ठेवला. ती सरळ बघत होती. गणवेशाची कॉलर जरा सैल. गळ्यावर डाव्या बाजूला एकाखाली एक चार लांबट काळे डाग, उजव्या बाजूला एक जाड.

“बोटं आहेत,” मी म्हणाले.

“मला पण पहिल्यांदा तेच वाटलं. माझीच बोटं. फिल्म पक्की करायच्या औषधाचा, हायपोचा हात ओल्या फिल्मला लागला की निगेटिव्हवर कोरं राहतं आणि फोटोत असंच काळं येतं.”

मग त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. हात कोरडे करून नवी फिल्म धुतली, डाग नाही. त्याच डब्यातल्या आधीच्या आणि नंतरच्या फिल्म पाहिल्या, एक माळ्याची, एक माझी, डाग नाही. तीच चौकट, तेच औषध, तीच जागा, स्वतःला बसवून काढला, डाग नाही. शेवटी त्यांनी आपलं बोट हायपोत बुडवून मुद्दाम फिल्मवर टेकवलं आणि तो ठसा संगीताच्या डागाशेजारी धरला.

“हे बघा ताई. माझं बोट फिल्मला लागलं तर ठसा माझ्या बोटाएवढा पडंल ना? आणि हे डाग बघा, निम्मे आहेत. तिचा चेहरा फिल्मवर निम्म्या मापाचा आलाय, आणि बोटं पण निम्मीच. म्हणजे ती फिल्मवर पडलेली न्हाईत. ती भिंगातून आलीत. तिच्या गळ्यावर होती.”

“पण मी रोज तिच्याशेजारी बसते. मला काही दिसलं नाही.”

“दिसणार न्हाई. वळ जुना झाला की पिवळा पडतो, वरून पावडर. आपल्या डोळ्याला कातडीत मिसळून जातो. ह्या फिल्मला पिवळं काळं दिसतं.” त्यांनी आणखी एक फोटो पुढे केला. त्यांचंच मनगट. “हळद लावून पुसून टाकली होती. मला दिसत बी न्हव्हती. बघा किती काळी आली.”

मी त्या मनगटाकडे बघत राहिले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात संगीता जेवतानाही गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसायची. ‘घसा धरलाय’ म्हणायची. मी तिला मिठाच्या गुळण्या सांगितल्या होत्या.

“तीन आठवडे घेतले काका तुम्ही,” मी बोलून गेले.

ते खाली बसले. मग त्यांनी मला केदारखेड्याच्या गुरुजींची गोष्ट सांगितली. दवाखान्यात ती कोणालाच माहीत नव्हती. खूप वर्षांपूर्वी एक शाळामास्तर खोकल्यासाठी आले होते. छातीच्या फिल्मवर वरच्या बाजूला एक बारीक पांढरा ठिपका. त्या वेळच्या डॉक्टरांनी विचारलं, हे काय हिवाळे? फिल्म घालायच्या चपट्या पेटीत, चार नंबरच्या कॅसेटमध्ये कचरा होता आणि तिचा ठिपका नेहमी यायचा. काका म्हणाले, कॅसेटचा डाग आहे साहेब. बाहेर रांग होती. दुसऱ्या कॅसेटमध्ये पुन्हा एक फिल्म काढली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. आठ महिन्यांनी गुरुजींना हातगाड्यावर आणलं, तेव्हा तो ठिपका लिंबाएवढा झाला होता.

“चार नंबरचा डाग खालच्या बाजूला यायचा. वर न्हाई. मी बघितलंच न्हव्हतं,” काका म्हणाले. “म्हणून आता घाईनं बोलायचं भेव वाटतं, ताई. फिल्मचा म्हणायचं पण, आणि माणसाचा म्हणायचं पण.”

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी दार लोटून आम्ही संगीताला विचारलं. काकांनी फोटो तिच्यासमोर ठेवला. तिनं तो पाहिला आणि हातातला घास परत डब्यात ठेवला. मग हसायला लागली.

“काका, फिल्मचाच डाग असंल. तुमची फिल्म मुदत संपलेली.”

“न्हाई बाई. मी सगळं तपासलंय.”

“मंग परत तपासा.”

“संगीता...” मी म्हणाले.

“ताई, मला पोरगी आहे,” एवढंच ती बोलली आणि डबा झाकून निघून गेली. त्यानंतर ती आमच्याबरोबर जेवायला बसेना.

महिनाभरानं ती एका दुपारी स्वतःच काकांच्या दारात उभी राहिली. आवाज पार बसलेला. गळ्यावर ताजे वळ होते आणि ह्या वेळी ‘घसा धरलाय’ असं ती म्हणाली नाही. काकांना म्हणाली, “तो फोटो आहे का अजून?” काकांनी पाणी दिलं, मला फोन केला, आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या माणसानं फोटो उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, “हे तर धुतानाचे डाग दिसायलेत.” काकांनी पिशवीतून पंधरा-सोळा फिल्म काढल्या आणि टेबलावर एकेक मांडत गेले. माळी, मी, ते स्वतः, हळदीचं मनगट, हायपोचं बोट. पाऊण तास ते बोलत होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी त्या माणसानं तक्रार लिहून घेतली. पण डॉक्टरकडे तपासणीला पाठवायला इतके दिवस लावले की तोवर गळ्यावर काही उरलं नाही.

संगीता अंकुशनगरला भावाकडे गेली. मुलगी राजूरलाच राहिली. सासरच्यांनी दिली नाही. खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. शेजारी तोवर फिरले होते. राहिला होता तो फोटो, आणि तो काढणारे हिवाळे काका.

मी त्या दिवशी कोर्टात होते. काका नवा शर्ट घालून आले होते. सरकारी वकिलाच्या प्रश्नांना त्यांनी नीट उत्तरं दिली. मापं सांगितली, हळदीचा फोटो दाखवला. न्यायाधीशबाईंनी तो हातात घेऊन दोनदा पाहिला. मला वाटलं, जमलं. मग नवऱ्याचा वकील उठला. तरुण होता, बोलायला गोड.

“काका, एवढ्या वर्षांत तुम्ही हजारो फिल्म पाहिल्या असतील.”

“व्हय.”

“डाग ओळखण्यात तुमची कधी चूक झाली नसेल?”

तो सहज विचारलेला प्रश्न होता. गुरुजींचं त्याला काही माहीत नव्हतं; काका बढाई मारतील आणि त्यांना त्यात पकडू, एवढाच त्याचा बेत असावा. मी त्यांच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, नाही म्हणा. शपथ असली तरी नाही म्हणा.

“झाली होती. एकदा,” काका म्हणाले.

“काय झालं होतं?”

“फिल्मवरचा डाग म्हणून सांगितलं. तो माणसातला निघाला.”

“त्या माणसाचं काय झालं?”

“वारले.”

वकिलानं न्यायाधीशबाईंकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “म्हणजे डाग फिल्मवरचा की माणसावरचा, हे तुम्हाला खात्रीनं सांगता येत नाही.”

“तवा मी तपासलं न्हव्हतं साहेब. ह्या वेळेस...”

“विचारलं तेवढंच सांगा.”

नवरा सुटला. निकालात बरीच कारणं होती, उशिरा झालेली तपासणी, फिरलेले साक्षीदार. त्यात एक हेही होतं, की फोटोचा अर्थ लावणाऱ्यानं आपली पूर्वीची चूक स्वतःच मान्य केली आहे. कोर्टाच्या आवारात संगीता काकांसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

“काका, एकदा ‘न्हाई’ म्हणलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?”

“तुझं बराबर आहे,” काका म्हणाले.

ती भावाच्या मोटारसायकलवर बसून निघून गेली. नंतर वर्षभर ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

मी एकदा त्यांना विचारलंच. त्यांच्या मागच्या खोलीतली दोरी तेव्हा रिकामी होती. त्यांनी फोटो काढणं सोडलं होतं. ते म्हणाले, “न्हाई म्हणलो असतो तर गुरुजींना मी दुसऱ्यांदा मारलं असतं, ताई. आणि खरं बोललो तर पोरीचं वाटोळं झालं. दोन्हीकडून मीच.” त्यांच्या आवाजात स्वतःची कीव नव्हती. त्यांनी चहा केला, मला दिला, स्वतः घेतला नाही.

मुलीच्या ताब्याचं प्रकरण वेगळं चालू होतं. महिन्यातून दोन शनिवार आईला भेटू द्यायचं असं ठरलं. पण आणणार कोण? संगीताच्या भावाला नवरा दारात उभं करेना आणि नवऱ्याचं तोंड बघायला संगीता तयार नव्हती. तेव्हा नवराच म्हणाला, “त्या हिवाळे म्हाताऱ्याबरोबर पाठवतो. तो माणूस खोटं बोलत न्हाई.” असं तो हॉटेलात चार माणसांत हसून सांगत असे. हे ऐकल्यावर काका काय करतील, असं मला वाटलं होतं. ते पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं राजूरला गेले आणि मुलीचा हात धरून जालन्याला आले. वर्षभर त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही. तापातसुद्धा गेले. एका सकाळी ते झोपेतच गेले आणि ते शनिवार बंद पडले. संगीताचा नवा अर्ज कोर्टात पडून आहे.

ते जाण्याच्या पंधराएक दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. अंबडच्या गाडीसाठी मी जालन्याच्या स्टँडवर गेले होते. एका बाकावर संगीता मुलीची वेणी घालत होती. मुलगी आता आठ वर्षांची, पाय हलवत काहीतरी सांगत होती. काका त्यांच्यापासून बरेच लांब, खांबापाशी, त्यांच्याकडे पाठ करून उभे होते. हातात मुलीचं दप्तर.

“काका, तिकडं बसा की बाकावर,” मी म्हणाले.

“मला बघितलं की ती गप होती. मंग पोरगी पण गप होती.”

चारला राजूरची गाडी लागली. काका तिकडे गेले. मुलीनं आईच्या पदराची मूठ धरली होती; ती संगीतानं एकेक बोट करून सोडवली. काकांनी मुलीला पुढे चढवलं आणि खिडकीशी बसवलं. स्वतः तिच्या शेजारी, कडेला बसले. मुलगी काच सरकवून बाहेर वाकली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

संगीता खिडकीखाली उभी होती. मुलीकडे बघत होती. मग तिची नजर वर, मुलीच्या मागे गेली.

“काका,” ती म्हणाली, “खिडकी लावून घ्या. तिला वारं बाधतं.”

काका जागेवरून अर्धे उठले. मुलीला आत घेऊन, तिच्या डोक्यावरून हात लांबवून त्यांनी काच ओढली, ती मध्येच अडकली, त्यांनी पुन्हा जोर लावून ती पूर्ण लावली. काचेवर ऊन आलं आणि आतलं काही दिसेना. गाडी वळून फाटकाबाहेर गेली तरी संगीता तिथेच उभी होती.